मल्लांचे अंगमापन : काटा, टेप आणि चिकित्सक

चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्ष्य भावांमध्ये ‘प्रमाण’ स्वतंत्रपणे सांगितले आहे. पदवी परीक्षेपुरते आपण ते पाठ करतो आणि पुढे चिकित्सालयात नाडी व जिव्हा पाहून लेखणी उचलतो. तालमीतला मुलगा समोर बसला की ही उणीव उघडी पडते. आमची पडली.

केंदूर परिसरातील एका तरुण मल्लाला घेऊन त्याचे वडील आमच्याकडे आले होते. दोन दिवसांवर कुस्ती, गट ५७ किलोचा. (१९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, तेही याच वजनात.) आमच्या स्प्रिंगच्या काट्याने ५८.३ किलो दाखविले. “डॉक्टरसाहेब, एखादा जुलाब द्या. दीड किलो उतरलं की झालं,” वडील म्हणाले. विरेचनाचा योग लिहिण्याच्या आम्ही बेतात होतो. शेजारच्या औषधी दुकानाच्या मालकांना मात्र काट्याचा संशय आला. त्यांनी शिक्क्याची पाच-पाच किलोची चार वजने आणून त्यावर ठेवली. वीसऐवजी साडेवीस दिसले! स्प्रिंग सैल झाली होती. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मुलगा ५६.९ किलो भरला. जो दोष शरीरात नव्हता, त्याचे शोधन आम्ही करणार होतो.

वजन खरोखरच जास्त असते, तरी ते औषध योग्य ठरले नसते. दोन दिवसांत उतरते ते मुख्यतः जल, मेद नव्हे. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन स्पर्धांसाठी झपाट्याने वजन उतरविताना तीन मल्ल दगावले. मूत्रल औषधे तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. औषधविक्रेत्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दुसरीकडे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरल्या, म्हणून काट्याची चूक क्षुल्लक मानता येत नाही.

वजन सकाळी, मलमूत्रविसर्जनानंतर, अनशापोटी व किमान वस्त्रांत घ्यावे. काटा कठीण, सपाट फरशीवर हवा, सतरंजीवर नको. उंचीही सकाळीच मोजावी, कारण सायंकाळपर्यंत ती सुमारे एक सेंटिमीटरने घटते. टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कर्णछिद्राची वरची कड एका पातळीत यावी.

परिघाच्या मापात चुका अधिक होतात. शिंप्याचा कापडी टेप वापराने ताणला जातो, म्हणून पोलादी टेप घ्यावा. तो त्वचेला टेकावा, रुतू नये. दंडासाठी खांद्याच्या हाडाचे टोक व कोपर यांचा मध्य पेनाने खुणावून, हात सैल सोडून माप घ्यावे. कमरेचे माप शेवटची बरगडी व कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर. टेप दिसताच मल्ल छाती फुगवितो, हा आमचा नेहमीचा अनुभव; त्याला बोलते ठेवावे, छाती आपोआप खाली बसते. व्यायामानंतर स्नायू रक्ताने भरलेले असतात, त्या वेळी माप घेऊच नये. प्रत्येक माप दोनदा घ्यावे. तफावत आढळल्यास तिसऱ्यांदा घेऊन तिन्हींतले मधले नोंदवावे.

मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत आणखी एक माप लागते : दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे. आपल्याकडे त्याला ‘वाव’ म्हणतात. चरकाचार्यांनी स्वांगुलीने शरीराची उंची ८४ अंगुळे सांगितली व आयाम-विस्तार सम असलेले शरीर प्रशस्त मानले. म्हणजे वाव आणि उंची सारखी. प्रत्यक्षात दोहोंत काही सेंटिमीटरांचा फरक सर्रास आढळतो आणि लांब वावेचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवू शकतो. सुश्रुताचार्यांनी मात्र १२० अंगुळे दिली आहेत. हात वर करून उभ्या पुरुषाचे ते माप, असा मेळ टीकाकार घालतात. शिरूरकडचा शेतकरी विहिरीची खोली ‘परसा’त सांगतो, तोही असाच हात उंचावलेला पुरुष.

त्या मुलाला आम्ही औषध दिले नाही. नेहमीची भाकरी आणि दूध चालू ठेवण्यास सांगितले. काटा दुरुस्तीला गेला. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शेजारची वजने त्यावर ठेवून पाहतो.