वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन

वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत दरवर्षी जूनच्या अखेरीस होणारी धावण्याची शर्यत आहे. तिचे अंतर १०० मैल (सुमारे १६१ किमी) असून डोंगरी पायवाटांवरून होणाऱ्या या अंतराच्या शर्यतींमध्ये ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते. मूळच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेतून ती जन्माला आली आणि त्या उगमाच्या खुणा तिच्या नियमांत आजही दिसतात.

पार्श्वभूमी

शर्यतीचा मार्ग पायूट व वाशो या मूलनिवासी जमातींच्या वहिवाटीचा होता. १८५० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील सोन्याच्या आणि नेवाडातील चांदीच्या खाणींकडे जाणारे लोक तो वापरू लागले. १९५५ साली ऑबर्न येथील व्यावसायिक वेंडेल रॉबी यांनी, आजचा घोडाही एका दिवसात १०० मैल चालू शकतो हे दाखवून देण्यासाठी याच वाटेवर टाहो सरोवरापासून ऑबर्नपर्यंत घोडदौड केली. ही घोडदौड पुढे ‘टेव्हिस चषक’ या नावाने प्रसिद्ध झाली. २४ तासांच्या आत येणाऱ्या स्वाराला पट्ट्याचे चांदीचे बक्कल देण्याची तिची प्रथा आहे.

घोड्याविना

या शर्यतीचा इतिहास सांगताना बहुधा १९७४ पासून सुरुवात केली जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. १९७२ साली कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली येथील २० सैनिक हा मार्ग पायी पार करण्यासाठी निघाले आणि त्यांपैकी ७ जण ऑबर्नला पोहोचले. मात्र त्यांना सुमारे ४५ तास लागले. मार्ग पायी पार करता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. तो एका दिवसात पार करता येतो का, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर गॉर्डी एन्सली या घोडेस्वाराने दिले. १९७३ च्या घोडदौडीत त्याचा घोडा लंगडू लागल्यामुळे त्याला माघार घ्यावी लागली होती. १९६१ मध्ये टेव्हिस चषक जिंकणारी पहिली महिला ड्रुसिला बार्नर हिने त्याला पुढच्या खेपेस घोड्याविनाच उतरण्याचे सुचवले. ऑगस्ट १९७४ मध्ये, कडक उन्हात, घोड्यांच्या बरोबरीने धावत एन्सलीने २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्न गाठले. पुढच्या वर्षी रॉन केली या धावपटूने हाच प्रयत्न केला. पण हाती पुरेसा वेळ असूनही अखेरच्या दोन मैलांच्या आत त्याने शर्यत सोडली. १९७६ मध्ये केन शर्क याने २४ तास ३० मिनिटांत अंतर पार केले.

स्वतंत्र शर्यत

१९७७ साली धावपटूंची पहिली अधिकृत शर्यत घोडदौडीसोबतच झाली. १४ जण धावले, त्यांतले तिघेच पोहोचले. अँडी गोन्झालेस २२ तास ५७ मिनिटांत प्रथम आला. पीटर मॅतेई व राल्फ पॅफनबार्जर हे दोघे २८ तास ३६ मिनिटांत एकत्र पोहोचले. यांतील पॅफनबार्जर हे नियमित व्यायाम आणि हृदयविकार यांच्या संबंधावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले साथरोगतज्ज्ञ होते. या दोघांच्या वेळेमुळेच ३० तासांची कमाल मर्यादा ठरवण्यात आली. तेव्हापासून २४ तासांच्या आत येणाऱ्यास चांदीचे आणि ३० तासांच्या आत येणाऱ्यास कांस्याचे बक्कल मिळते. पहिली मर्यादा घोड्यांकडून आली, दुसरी माणसांकडून. १९७८ मध्ये शर्यत घोडदौडीपासून वेगळी होऊन जूनमध्ये भरू लागली. त्या वर्षी पॅट स्मिथ ही शर्यत पूर्ण करणारी पहिली महिला ठरली.

मार्ग

ऑलिम्पिक व्हॅली येथून पहाटे ५ वाजता निघालेल्या धावपटूला पहिल्या साडेचार मैलांतच सुमारे २,५५० फूट चढून ८,७५० फूट उंचीची एमिग्रंट खिंड गाठावी लागते. संपूर्ण मार्गात चढ सुमारे १८,००० फूट, तर उतार जवळजवळ २३,००० फूट आहे. चढापेक्षा उतारच जास्त, तेव्हा मार्ग सोपा असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दीर्घ उतारांवर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार तोलताना मांडीचे स्नायू ताणले जाऊन त्यांना सूक्ष्म इजा होते. माथ्यावर काही वर्षी बर्फ असते, तर खालच्या दऱ्यांत कडक उष्मा. ७८ व्या मैलावर अमेरिकन नदी ओलांडावी लागते. शेवट ऑबर्नमधील प्लेसर हायस्कूलच्या मैदानात होतो.

हा शेवटचा टप्पाही निर्धोक नाही. २००६ मध्ये सर्वांत पुढे असलेला ब्रायन मॉरिसन मैदानातच कोसळला. सोबत्यांनी हात देऊन त्याला अंतिम रेषेपार नेले. परंतु साहाय्य घेतल्याने तो अपात्र ठरला. उलट २०१५ मध्ये ७० वर्षांची गुनहिल्ड स्वान्सन २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांत, म्हणजे मर्यादेला सहा सेकंद उरले असता पोहोचली.

स्कॉट जुरेक याने १९९९ पासून सलग सात वेळा, तर अ‍ॅन ट्रेसन हिने महिलांमध्ये १४ वेळा विजेतेपद मिळवले. २०१९ मध्ये जिम वॉल्म्सली याने १४ तास ९ मिनिटे, तर २०२३ मध्ये कोर्टनी डोवॉल्टर हिने १५ तास २९ मिनिटे असे विक्रम नोंदवले. वणव्यांमुळे २००८ ची आणि कोविड साथीमुळे २०२० ची शर्यत रद्द करावी लागली.

प्रवेशाची मर्यादा

१९८४ च्या कायद्याने मार्गाचा काही भाग ‘ग्रॅनाइट चीफ’ या संरक्षित वन्यप्रदेशात गेला. अशा प्रदेशात स्पर्धांना परवानगी नसते. ही शर्यत आधीपासून होत असल्याने तिला सवलत मिळाली, पण धावपटूंची संख्या ३६९ वर गोठली. २०२४ च्या शर्यतीसाठी सुमारे १०,००० अर्ज आले होते. मागील वर्षीचे पहिले दहा पुरुष व दहा महिला यांना थेट प्रवेश मिळतो. बहुतेक जागा सोडतीने भरल्या जातात. दरवर्षी पात्रता शर्यत पूर्ण करूनही निवड न झालेल्या अर्जदाराच्या चिठ्ठ्या पुढील वर्षी दुप्पट होतात: १, २, ४, ८ याप्रमाणे. सातव्या वर्षी त्याच्या नावाच्या ६४ चिठ्ठ्या असतात, आणि तरीही निवडीची खात्री नसते.