घाणेरी आणि सागाचे रान

कामरेजहून पूर्वेकडे निघाले म्हणजे उसाचे मळे मागे पडतात आणि मांडवी-व्याऱ्याच्या पलीकडे, डांगाच्या दिशेने, सागाचे रान लागते. या रानाच्या कडेने लाल-पिवळ्या फुलांच्या गुच्छांची काटेरी झुडपे दिसतात. हीच घाणेरी, कोणी तिला टणटणीही म्हणतात.

घाणेरी मूळची या देशातील नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून येथे आणले गेले. तिची काळी फळे पाखरे आवडीने खातात आणि बी दूरवर टाकतात; अशा रीतीने ती बागेतून रानात शिरली. तिच्या दाट जाळीखाली ऊन पोहोचत नाही. गवत मरते, सागाची कोवळी रोपे वर येत नाहीत. पाला तर गुरांना विषारी. रान हिरवेगार दिसते खरे. पण त्यात आजचा चारा नसतो आणि उद्याचे झाडही नसते.

मग तिच्यावर कीड सोडावी काय? श्रीलंकेतून १९२६ साली आणलेल्या कोचिनील किड्याने दक्षिण भारतातील फड्या निवडुंग आटोक्यात आणला, हे खरे आहे. परंतु घाणेरीसाठी १९४१ साली डेहराडूनला आणलेल्या एका चिमुकल्या किड्याविषयी, तो सागाच्या फुलांवरही उपजीविका करील, असा संशय आला. म्हणून प्रयोगशाळेतील सारे किडे नष्ट करण्यात आले. तरीही काही निसटलेच, आणि १९५१ पर्यंत ते त्या परिसरात स्थायिक झालेले आढळले. घाणेरी मात्र त्यांना पुरून उरली. पाने झडली तरी ती पुन्हा पालवते. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, हा धडा तेवढा मिळाला.

शेवटी भिस्त कुदळीवरच ठेवावी लागते. वरवर कोयता चालविला किंवा आग लावली, तर बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. म्हणून फळे धरण्यापूर्वी, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरांवर मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उपटून मुळे वर करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पाखरे बसतात त्या झाडांखाली नवी रोपे उगवतात; ती पुढील काही वर्षे वेचीत राहावे. मोकळ्या जागेत गवत व बांबू लावावा. जमीन उघडी राहिली, तर घाणेरी परत आलीच म्हणून समजावे.

रान एका दिवसात बिघडले नाही. ते एका दिवसात सुधारणारही नाही. मात्र दर पावसाळ्यात गावाने थोडे थोडे हात लावले, तर सागाच्या रोपाला ऊन खचित मिळेल.