परदेशी गेलेला मालक, घरी राहिलेली गाडी

मंडळी, पुण्यातला थोरला मुलगा नोकरीसाठी परदेशी जातो. स्कूटर धाकट्याच्या हाती येते. हा एके दिवशी हेल्मेटशिवाय निघतो आणि चौकातला कॅमेरा त्याला टिपतो. दंड कुणाला? कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबर वाचतो. म्हणून ई-चलान निघते नोंदणीतल्या मालकाच्या, म्हणजे थोरल्याच्या नावे. निरोप जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. तो तर त्याने जातानाच बंद केलेला! निरोप हरवला, दंड मात्र राहिला.

मग करावे काय? महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरा. छायाचित्र नीट पाहा. चूक आपली असेल तर पैसे भरा. घरच्या कुणीही भरले तरी चालते. गाडी आपली नसेलच, तर तक्रार नोंदवा. लोकअदालतीतही अशी प्रकरणे मिटतात. १९८७च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो.

शिक्षकमंडळी, गावातून कुणी परदेशी निघाले तर एवढे जरूर सांगा: आर.टी.ओ.च्या नोंदीत घरच्यांचा चालू मोबाईल घाल, मगच निघ. आणि धाकट्यालाही सांगा, बाबा रे, चूक तुझी, पण नाव दादाचे लागते.