वर्गणी भरली म्हणजे मेंबर खुश आहे का?



व्यापाऱ्यांचा ग्रुप, जिम, शेतकऱ्यांना वर्षभराचा सल्ला... मेंबरशिपच्या धंद्याबद्दल तुम्ही खूप विचारता. आज उदाहरण घेऊ या मुख्याध्यापक संघाचं. हा धंदा नाही, मला माहीत आहे. पण वर्गणी देणारा सगळीकडे एकच हिशोब करतो: माझं काम अडलं तेव्हा कोण धावून आलं?

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके. समजा, तुम्ही आष्टी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलचे मुख्याध्यापक आहात. लिपिक निवृत्त झालाय, जागा रिकामीच आहे. शालार्थवर पगारबिल तुम्हीच टाकायचं, वर्ध्याला वेतन पथकाकडे तुम्हीच पाठवायचं. यू-डायस प्लसवर एकेका विद्यार्थ्याची माहिती भरायची, वर पोषण आहाराचा हिशोब. आणि सगळ्यात मोठा घोर ३० सप्टेंबरचा. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते. पट घसरला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि तो रोज तुमच्यासमोर स्टाफरूममध्ये बसलेला असतो.

अशा माणसाला संघाने वर्षातून एक अधिवेशन, शाल-श्रीफळ आणि डायरी दिली. शेवटी फॉर्म फिरवला, "आपण समाधानी आहात का?" तो काय लिहिणार? "होय." फॉर्मवर नाव आहे, पदाधिकारी ओळखीचे आहेत, गाडी पकडायची घाई आहे. पुढच्या वर्षी मात्र वर्गणी येत नाही. भांडण नाही, तक्रार नाही. माणूस गुपचूप जातो.

दुसरी गंमत बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक बदल्यांच्या काळजीत. विनाअनुदानित इंग्रजी शाळेवाल्यांना आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांचे पैसे कधी मिळणार ही चिंता. या तिघांच्या उत्तरांची सरासरी काढून हाती काय लागणार?

म्हणून "समाधानी आहात का" विचारूच नका. विचारा, "सर, मागच्या वर्षी तुमचं कोणतं काम अडलं होतं? पहिला फोन कोणाला लावला?" उत्तर आलं "सेलूच्या एका मित्राला", तर ओळखा, तुमची स्पर्धा त्या मित्राशी आहे. आणि वेळ बघून विचारा. विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जुलै धावपळीचा. सप्टेंबरात तर कोणी फोनही उचलणार नाही. दिवाळीनंतर विचारा.

विचारलं की पुढे काही घडलंही पाहिजे. याबाबतीत वर्ध्याचंच जुनं उदाहरण आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली. नुसते ठराव करून मंडळी घरी गेली नाहीत. डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली, आणि तिचा अहवाल डिसेंबरात तयार! नई तालीमबद्दल मतं काहीही असोत, पण काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे ठरलेलं होतं. तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक तक्रारीपुढे हेच दोन रकाने हवेत: नाव आणि तारीख.

आता वही उघडा. वर्गणी थांबवलेले तीन मेंबर शोधा आणि फोन लावा. "परत या" म्हणू नका, ऑफर देऊ नका. वरचे दोन प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.