छातीवरचे लाल अक्षर

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी मार्च १८५० मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाली. २,५०० प्रतींची पहिली आवृत्ती दहा दिवसांत संपली. कथा मात्र त्याहून दोनशे वर्षे जुन्या, १६४० च्या दशकातल्या बॉस्टनची आहे. नवरा परदेशी असताना एका तरुण स्त्रीला मुलगी होते. बाप कोण, हे ती सांगत नाही. जन्मभर छातीवर लाल कापडाचे 'ए' हे अक्षर लावून वावरण्याची शिक्षा तिला होते. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे हे पहिले अक्षर. तो शब्द कादंबरीत एकदाही येत नाही आणि ते प्रकरणही कथा सुरू होण्याआधीच घडून गेलेले असते. उघड झालेल्या आणि लपवलेल्या पापासह माणसे पुढे कशी जगतात, एवढ्यावरच हॉथॉर्न यांनी सारे लक्ष केंद्रित केले आहे.

ज्या समाजात हे घडते त्याची घडण समजल्याशिवाय कथेचा जाच कळत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये पोपच्या काळातले विधी आणि थाटमाट अजून शिल्लक आहेत, ते काढून धर्म शुद्ध केला पाहिजे, असे मानणारे ते प्युरिटन. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्यातली शेकडो माणसे अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आली आणि त्यांनी बॉस्टन वसवले. कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. आपण निवडलेल्यांपैकी आहोत याची खात्री कोणालाच नसल्याने प्रत्येकजण स्वतःचे मन सतत तपासत असे. शिवाय साऱ्या वसाहतीने मिळून ईश्वराशी करार केला आहे, तेव्हा एकाच्या पापाची शिक्षा सगळ्या गावाला भोगावी लागेल, अशी भीती होती. म्हणून शेजाऱ्याच्या घरात काय चालते, हा गावाचा प्रश्न ठरे. मतदानाचा हक्क फक्त चर्चचे सभासद असलेल्या पुरुषांना होता. धर्मगुरू आणि न्यायाधीश यांचे काम कागदोपत्री वेगळे असले, तरी दोघांचे डोळे एकाच दिशेला लागलेले असत.

अशा समाजात शिक्षा चार भिंतींआड होत नसे. बाजारपेठेतला खोडा, फटक्यांचा खांब, चर्चमध्ये सर्वांसमोर कबुली ही सगळी लाजेची साधने होती. विवाहित स्त्रीच्या व्यभिचाराला १६४१ च्या कायद्यात देहदंड होता आणि तो केवळ कागदावर नव्हता. १६४४ मध्ये मेरी लेथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना या गुन्ह्यासाठी फाशी दिले गेले. मेरी जेमतेम अठरा वर्षांची होती आणि तिचा नवरा म्हातारा होता, अशी नोंद विन्थ्रॉप यांच्या रोजनिशीत आहे. अक्षर लावण्याची शिक्षाही हॉथॉर्न यांच्या कल्पनेतून आलेली नाही. प्लिमथ वसाहतीने १६५८ मध्ये कपड्यावर दोन अक्षरे शिवण्याचा नियम केला. मॅसॅच्युसेट्सच्या १६९४ च्या कायद्यात दोन इंच उंचीचा 'ए' कपड्याच्या रंगाहून वेगळ्या रंगात लावण्याची तरतूद होती.

हा इतिहास हॉथॉर्न यांच्या घरातलाच होता. ४ जुलै १८०४ रोजी त्यांचा जन्म सेलम गावी झाला. त्यांचे मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न यांनी न्यायाधीश म्हणून क्वेकर पंथाच्या लोकांचा छळ केला होता. विल्यम यांचे चिरंजीव जॉन हे १६९२ च्या सेलममधील चेटकीण खटल्यांत न्यायासनावर होते. त्या खटल्यांत १९ जणांना फासावर चढवले गेले. नॅथॅनिएल यांनी तरुणपणी आपल्या आडनावाच्या इंग्रजी लेखनात एक अक्षर वाढवले. पूर्वजांपासून अंतर राखण्यासाठी त्यांनी हे केले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पूर्वजांची लाज आपण स्वतःवर घेतो, असे त्यांनी या कादंबरीच्या प्रस्तावनेत मात्र स्पष्टच लिहिले आहे.

सेलमच्या जकात कार्यालयात ते १८४६ पासून अधिकारी होते. वॉशिंग्टनमध्ये सत्ताबदल झाला आणि १८४९ च्या जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात आई वारली. त्या काळात त्यांनी लिहायला घेतलेली ही कादंबरी फेब्रुवारी १८५० मध्ये पूर्ण झाली. जकात कार्यालयाच्या माळ्यावर लाल अक्षराची चिंधी आणि जुने कागद सापडले, ही प्रस्तावनेतली हकीकत बनवलेली आहे, पण तिथल्या सुस्त सहकाऱ्यांची वर्णने खरी निघाल्याने सेलमकर चिडले. दुसऱ्या आवृत्तीत हॉथॉर्न यांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

कथा तुरुंगाच्या दारापासून सुरू होते. दारापाशी रानगुलाबाचे झुडूप आहे आणि बाहेर गर्दी. हेस्टर प्रिन तीन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन बाहेर पडते. छातीवरचे अक्षर तिने स्वतःच जरीच्या कशिद्याने इतके देखणे भरले आहे की, जमलेल्या बायका आणखीच संतापतात. नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा, म्हणून न्यायाधीशांनी तिचा देहदंड टाळलेला असतो. तीन तास चौथऱ्यावर उभे राहायचे आणि मग मरेपर्यंत अक्षर वागवायचे, एवढ्यावर निभावते. मुलीच्या बापाचे नाव सांग, असे तिला सर्वांसमक्ष विनवणारा तरुण धर्मगुरू आर्थर डिम्सडेल हाच तो बाप असतो. गर्दीत तिचा वृद्ध नवराही येऊन उभा असतो. तो रॉजर चिलिंगवर्थ हे खोटे नाव घेतो, वैद्य म्हणून गावात राहतो आणि सूड उगवण्यासाठी त्या अज्ञात पुरुषाच्या शोधाला लागतो.

पुढची सात वर्षे या तिघांना तीन वाटांनी नेतात. हेस्टर गावाबाहेर समुद्रकाठच्या झोपडीत राहून शिवणकामावर पोट भरते. गव्हर्नरच्या गळपट्ट्या, धर्मगुरूंचे पोशाख, तान्ह्यांची टोपडी, मेलेल्यांची कफने असे सारे गाव तिच्याकडून भरून घेते. फक्त वधूचे मुखवस्त्र तिला कोणी कधी देत नाही. या एका तपशिलात हॉथॉर्न यांनी गावाचे मन जेवढे उघडे केले आहे, तेवढे पानभर भाष्यातून झाले नसते. ती आजाऱ्यांची सेवा करते, गरिबांना देते, आणि त्या अक्षराचा अर्थ 'एबल', म्हणजे 'समर्थ', असा आहे, असे लोक म्हणू लागतात. शिक्षा देणाऱ्यांनी ठरवलेला अर्थ टिकत नाही. वाळीत पडल्यामुळे तिला एक अनपेक्षित मोकळीकही मिळते. गावाचे नियम तिला बाहेरून न्याहाळता येतात आणि स्त्रीचे जगणे मुळातून बदलायला हवे, इथपर्यंत तिचा विचार पोहोचतो.

डिम्सडेलचे नेमके उलट होते. त्याचे पाप कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचा मान वाढत जातो. व्यासपीठावरून तो स्वतःला महापापी म्हणतो, तेव्हा श्रोते ते नम्रतेचे लक्षण समजून त्याची अधिकच पूजा करतात. घरी तो स्वतःला चाबकाने मारतो, उपास करतो, रात्री जागतो. चिलिंगवर्थ त्याच्याच घरी बिऱ्हाड करतो, औषध देत देत त्याचे मन कुरतडतो, आणि हळूहळू स्वतःच माणसातून उठतो. हॉथॉर्न यांच्या हिशेबात थंडपणे दुसऱ्याच्या अंतःकरणाशी खेळणे हे देहाच्या पापाहून काळे आहे. डिम्सडेलच्या तोंडीच त्यांनी हा निवाडा घातला आहे.

बाजारातला चौथरा कथेत तीनदा येतो. सुरुवातीला तिथे हेस्टर एकटी उभी असते. मध्यावर डिम्सडेल रात्रीच्या अंधारात, कोणी पाहणार नाही अशा वेळी तिथे चढतो, आणि आकाशात उल्केच्या उजेडाने उमटलेला 'ए' त्याला आपल्याच पापाचा वाटतो. गाव मात्र त्याच रात्री वारलेले गव्हर्नर विन्थ्रॉप 'एंजल', म्हणजे देवदूत, झाले, असा त्याचा अर्थ लावते. तिसऱ्या वेळी भर दिवसा, निवडणुकीच्या उत्सवात आयुष्यातले सर्वोत्तम प्रवचन देऊन तो हेस्टरचा आणि मुलीचा हात धरून चौथऱ्यावर चढतो, कबुली देतो, छाती उघडी करतो आणि तिथेच मरतो. त्याच्या छातीवर अक्षर दिसले, असे काहीजण सांगतात. काही नव्हतेच, असे दुसरे म्हणतात. लेखक निर्णय देत नाही.

मुलगी पर्ल हे कादंबरीतले सर्वात अवघड पात्र आहे. जंगलात हेस्टर अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते आणि डिम्सडेलबरोबर युरोपला निघून जायचे ठरवते, तेव्हा आईने ते अक्षर परत लावेपर्यंत पर्ल तिच्याजवळ येत नाही. लेखकाने तिच्यावर प्रतीकाचे ओझे फार घातले आहे, हा आक्षेप रास्त वाटतो. तरीही, 'दिवसाउजेडी आमचा हात धरशील का' या आशयाचा प्रश्न ती डिम्सडेलला पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा ती खरेखुरे मूल असते.

डिम्सडेलच्या मृत्यूनंतर वर्षभरात चिलिंगवर्थ मरतो आणि संपत्ती पर्लच्या नावे करून जातो. मायलेकी निघून जातात. पुष्कळ वर्षांनी हेस्टर एकटीच परत येते आणि कोणीही सक्ती केलेली नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. दुखावलेल्या, फसवल्या गेलेल्या बायका तिच्या झोपडीत सल्ल्यासाठी येऊ लागतात.

काही धर्मनिष्ठ समीक्षकांनी कादंबरीला अनैतिक ठरवले. हर्मन मेलव्हिल यांनी मात्र १८५१ मध्ये 'मोबी डिक' ही आपली कादंबरी हॉथॉर्न यांनाच अर्पण केली. अमेरिकेतल्या शाळांत ही कादंबरी आजही नेमली जाते. पडद्यावरही ती अनेकदा आली. १९२६ च्या मूकपटात लिलियन गिशने हेस्टर साकारली. १९९५ च्या डेमी मूर यांच्या चित्रपटात डिम्सडेल जिवंत राहतो आणि तो, हेस्टर व पर्ल मिळून गाव सोडतात. या बदलाने सर्वात मोठे नुकसान हेस्टरचेच झाले. तिचे स्वतःहून परतणे, म्हणजे कादंबरीतला तिचा सर्वात धाडसी निर्णय, त्यात उरलाच नाही.