सेकंडहँड गाडीचं पहिलं जॉब कार्ड

जुनी गाडी विकत घेऊन माणूस पहिल्यांदा गॅरेजमध्ये शिरतो, तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘ऑइल बदला, धुऊन द्या’ एवढं सांगून तो मोकळा होतो, नाहीतर फोरमनने लिहून दिलेली लांबलचक यादी बघून त्याचे डोळे पांढरे होतात. पहिल्या प्रकारात धोका तसाच राहतो, दुसऱ्यात नको तिथे पैसे जातात. खरं म्हणजे यादी आपणच करावी आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा: हा भाग उद्या गेला तर काय होईल? ब्रेक गेले तर जिवावर बेतेल. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन जाईल. बॅटरी बसली तर रस्त्यात अडकून पडू. एसीला वास आला तर नाक मुरडू. पैसे याच क्रमाने सोडायचे.

उदाहरणाला २०१४ च्या दोन पेट्रोल वॅगनआर घेऊ. एक निवृत्त गृहस्थांची, मीटरवर ४८,००० किलोमीटर, बहुतेक काळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. दुसरी पुणे-नाशिक सतत जा-ये करणाऱ्याची, १,१०,००० किलोमीटर पळालेली. दहापैकी नऊजण पहिली उचलतील. घ्यायला हरकत नाही, पण घेतल्यावर तिच्यावर खर्च कमी येईल या भ्रमात राहू नये. रबर, ब्रेक ऑइल, कूलंट ही मंडळी किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. भाजी आणण्यापुरती चालणारी गाडी नीट तापतच नाही, त्यामुळे इंजिनात धरलेला ओलावा उडून न जाता ऑइलमध्ये साठतो. बॅटरी पुरती चार्ज होत नाही. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं जे आधी भरेल ते धरायचं असतं. ही पुस्तिका गाडीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. ती आधी मिळवावी.

दुसरा नियम पुराव्याचा. ‘आत्ताच सगळं करून घेतलंय’ हे विकणाऱ्याचं वाक्य, ते कानाआड करावं. बिल असेल तर काम झालं, नसेल तर झालं नाही असं समजून चालावं. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिथल्या संगणकात जुन्या कामांची नोंद असते. ती मागून घ्यावी. त्यात आणखी एक गोष्ट उघडी पडते: २०१९ च्या नोंदीत ६२,००० किलोमीटर असतील आणि आज मीटर ४८,००० दाखवत असेल, तर पुढचं काही बोलायलाच नको.

चॅसिस नंबर हाताशी आहे तोवर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल बाकी आहे का तेही पाहावं. आपल्याकडे वाहन उत्पादकांनी २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडण्याचा धोका होता, त्यासाठी होंडाने भारतातल्याही कितीतरी गाड्या परत बोलावल्या. हे काम फुकट होतं. पण निरोप जातो तो पहिल्या मालकाकडे, आणि गाडीने हात बदलले की तो नव्या मालकापर्यंत पोचेलच असं नाही.

आता बॉनेट उघडायचं, तेही सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर उसळतं. कूलंटच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. रंग कंपनीप्रमाणे हिरवा, गुलाबी, निळा काहीही असू शकतो, पण तो स्वच्छ हवा. तपकिरी, गढूळ पाणी दिसलं तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलंय आणि आतून गंज धरलाय असं खुशाल समजा. मग ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. कमी चाललेल्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, तिथे थोडा दुधाळ चिकटा दिसतो, तो नुसता ओलावा असू शकतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची दाट शंका घ्यावी आणि बाकीची यादी तिथेच थांबवावी. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. एकदा गाडी जबर ओव्हरहीट झाली की ते वाकतं, आणि त्याच्या दुरुस्तीचा आकडा कूलंटच्या डब्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे नोंद नसेल तर जुनं कूलंट पूर्ण काढून, आतून धुऊन, कंपनीने सांगितलेलंच भरावं. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. होज पाइप दाबून पाहावेत: फुगलेले, मऊ पडलेले किंवा तडे गेलेले असतील तर त्याच वेळी बदलावेत.

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर यांवर विचार करण्यात वेळ घालवू नये, सरळ बदलावेत. लक्ष द्यायचं ते ग्रेडकडे. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. ‘जुनी गाडी आहे, घट्ट ऑइल टाकू, आवाज बसेल’ असं म्हणणारे मेकॅनिक अजून भेटतात. आवाज बसतो खरा, पण सकाळी सेल्फ मारल्यावर घट्ट ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि झीज थांबत नाही ती नाहीच. जुनं ऑइल काढताना शेजारी उभं राहावं. त्यात धातूची चमक दिसली तर ती खबर कुठल्याही बिलापेक्षा मोलाची.

टायमिंग बेल्टचं मात्र गाडी कुठली यावर अवलंबून आहे. आपल्या वॅगनआरच्या के-सीरिज इंजिनाला चेन असते, होंडा सिटीच्या आय-व्हीटेक पेट्रोललाही चेनच. चेनला ठरावीक मुदत नसते, फक्त थंड इंजिन सुरू करताना खडखड येते का ते ऐकायचं. याउलट जुनी सँट्रो झिंग किंवा १.५ लिटर डिझेलची डस्टर यांना रबरी बेल्ट असतो. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवतो. चालत्या गाडीत तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि त्याआधी कसलीही सूचना मिळत नाही. बेल्ट वरून धडधाकट दिसतो म्हणून सोडून देता येत नाही. बिल नसेल तर बदलायचाच, आणि सोबत टेन्शनर आणि आयडलर पुलीही. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण मजुरी सगळं उघडण्याची असते, पंपाची वेगळी फारशी पडत नाही.

ब्रेकमध्ये लोक पॅड बघतात आणि ऑइल विसरतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत घसरू शकतो. शहरात हे कळतच नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेक दाबले जातात, चाकाजवळचं ऑइल उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. साधारण दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल आपल्याकडे गाडी विकेपर्यंत तेच असतं. मागचे ड्रमही उघडून घ्यावेत. बऱ्याच गाड्यांचे ते कित्येक वर्षांत उघडलेले नसतात, आत भुकटी साचलेली असते आणि व्हील सिलिंडर पाझरत असतो.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, टायर तिथवर झिजला की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. पण नक्षी असूनही पाच-सहा वर्षांनंतर बाजूला बारीक तडे शोधावेत. आणि डिकीतली स्टेपनी जरूर बघावी. तिच्यावर नव्या टायरचे रबरी केससुद्धा शाबूत असतात, फक्त ती २०१४ ची असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला गाळाची रेघ सापडू शकते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली वाळू आहे का, तेही बघावं. तसं आढळलं तर व्हील बेअरिंग, गिअर ऑइल आणि वायरिंगचे जोड यादीत वर येतात.

सीएनजी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का ते पाटीवर तपासावं, आणि किटची नोंद आरसीवर आहे का तेही. बीएस-६ डिझेल केवळ शहरात चाललेलं असेल तर एक्झॉस्टमधला डीपीएफ काजळीने भरलाय का ते विचारावं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. साध्या स्कॅनरने तिथले फॉल्ट कोड वाचता येतात. बॅटरीची वायर काढून विकणाऱ्याने ते पुसलेले असू शकतात, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा वाचावेत. वायपर, बल्ब, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर ही किरकोळ कामं घरच्या घरी उरकता येतात.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, पेट्रोलमध्ये टाकायची बाटली, आधीच्या गंजावरून मारलेलं अंडरबॉडी कोटिंग, यांना पहिल्या फेरीत निःसंकोच नाही म्हणावं. ‘एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो’ हेही खरं नाही. ती बंद व्यवस्था आहे. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

इतकं झालं की हात आखडते घेऊन हजारेक किलोमीटर चालवावी, कारण उरलेली यादी गाडी स्वतःच सांगते. स्पीडब्रेकरवर टकटक आली तर आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश बघायला सांगावं. ते स्वस्त असतात. शॉकॲब्सॉर्बर मात्र बदलायचे तर जोडीने. टायर आतल्या कडेने झिजत असेल तर अलाइनमेंटच्या आधी हे बुशच तपासावेत, नाहीतर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट सरकतेय. गिअर ऑइल आणि स्पार्क प्लगही याच फेरीत घ्यावेत. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीने सांगितलेलंच भरावं, तिथे ‘चालतंय की’ चालत नाही.

या काळात कूलंटच्या टाकीवर थंड असतानाच्या पातळीला मार्करने रेघ मारून ठेवावी आणि ऑइल बदललं त्या दिवशीची डिपस्टिकवरची खूण मोबाइलमध्ये टिपून ठेवावी. हजार किलोमीटरनंतर ऑइल अर्धा लिटरच्या आसपास खाली गेलं असेल आणि मागून निळसर धूर निघत असेल, तर इंजिन ऑइल जाळतंय. रेघेखाली कूलंट उतरलं पण गाडीखाली थेंब दिसत नसेल, तर पुढच्या खेपेला नुसतं टॉप-अप करून घेऊ नये, कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करायला सांगावी.