रोजगार हमी : हक्क कायद्याचा, आधार निधीचा

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. नव्या राष्ट्रांच्या कायद्यांत निवृत्तिवेतन आणि सवलती कायम होत्या. तिजोऱ्या मात्र रिकाम्या झाल्या होत्या. रशियात १९९०च्या दशकात निवृत्तिवेतन महिनोन्महिने थकले. जानेवारी २००५ मध्ये मोफत प्रवासासारख्या सवलतींच्या जागी रोख रक्कम देणे सुरू होताच तेथील वृद्ध नागरिक रस्त्यावर उतरले. कायद्याने दिलेला हक्क कोणाच्या पैशावर टिकणार, हा प्रश्न त्यातून पुढे आला. महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आखताना या प्रश्नाचा विचार आधीच केला होता.

दुष्काळातून कायदा

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात गरजूंना काम देण्याचा प्रयोग केला. पुढे १९७२ मध्ये योजना राज्यासाठी स्वीकारण्यात आली. त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, ही त्यातील प्रमुख तरतूद होती.

शहराचा कर, गावाला काम

योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिकांकडून तो घेतला जाऊ लागला. त्यातून व अन्य करांतून जमणाऱ्या रकमेइतकाच वाटा राज्य शासनाने घालावयाचा होता. शहरातील उत्पन्नातून खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या हातांना मजुरी मिळण्याची अशी कायमची व्यवस्था झाली. खोटे हजेरीपट आणि उशिरा मिळणारी मजुरी यांबद्दल योजनेवर टीकाही झाली.

नवे वळण

संसदेने २००५ मध्ये केलेल्या कायद्याने देशातील प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. त्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणारा, १२५ दिवसांची हमी देणारा कायदा संसदेने संमत केला. त्यानुसार बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. दिवसांची संख्या वाढली असली, तरी तितकी कामे प्रत्यक्ष निघणे हे आता राज्यांच्या अंदाजपत्रकांतील तरतुदीवरही अवलंबून राहील.